तिसऱ्या प्रकरणापासून

काका कुठलाही प्रबंध तिसऱ्या प्रकरणापासून उघडत. शीर्षक नाही, प्रमाणपत्र नाही, प्रस्तावना नाही, थेट तिसरं. कुणाची पीएच.डी. बेडकाच्या यकृतावर असो, सतारीच्या तारांवर असो की सहकारी बँकांवर, इंटरनेटवर तो प्रबंध सापडला की काकांचं बोट सरळ तिसऱ्या प्रकरणाच्या फायलीवर जाई. चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनला जवळजवळ नाक लावत, दोन पानं वाचत, 'हं' म्हणत आणि बंद करत. मग शेजारच्या लाकडी खणातून एक कार्ड काढून त्याच्यावर एक ओळ लिहीत. ही कार्डं म्हणजे ग्रंथालयातली जुनी, खाली भोक असलेली सूचीकार्डं. ग्रंथालयानं ती टाकून दिली तेव्हा काकांनी खणासकट घरी आणली होती आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला आपला संसार मांडला होता.

'बेडकाचं यकृत. मेहनत खरी. गाईडचं नाव चौदा वेळा.' 'सतारीच्या तारा. सुंदर. सवड मिळाली की पुन्हा.' 'सहकारी बँका. दुसऱ्याची नक्कल, पण नक्कल स्वच्छ.' अशी ती कार्डं.

यामुळे काकांना जगातल्या प्रत्येक विषयाचं ज्ञान होतं, पण ते तिसऱ्या प्रकरणापर्यंतच. मातीच्या विटांबद्दल ते वीस मिनिटं बोलत, आपण रंगून विचारावं की मग शेवटी कुठली वीट चांगली, तर म्हणत, "ते नाही माहीत बुवा. निष्कर्षापर्यंत मी जात नाही." एखाद्या लग्नात कुणी कुणाची 'हे डॉक्टरेट आहेत' म्हणून ओळख करून दिली की काका हात जोडायचे आणि विचारायचे, "तिसऱ्या प्रकरणात काय होतं?" बऱ्याच डॉक्टरेटांना ते आठवत नसे. मग त्या पंगतीत ते गृहस्थ काकांपासून दोन ताटं लांब बसत.

मी परभणीचा. इंदूरला एका खाजगी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला आलो आणि दोन वर्षांत कळलं की पीएच.डी. नसेल तर इथे आपण पाहुणेच. विषय घेतला, माळव्यातल्या आठवडी हाटांत बसून माल विकणाऱ्या बायका. या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय ते शोधायला बसलो तर देशभरातले प्रबंध ठेवलेल्या त्या मोठ्या साइटवर मला काहीच मिळेना. मी मनातून खूशच होतो. आपल्या आधी कुणीच नाही यासारखं सुख संशोधकाला दुसरं नाही. पण गाईडला ते पटेना. तेव्हा स्टाफरूममधल्या एकानं सांगितलं, "मल्हारगंजला एक काका आहेत. पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभाग सांभाळायचे. त्यांना भेट. डोकं खातील, पण सापडवून देतील."

मल्हारगंजच्या एका गल्लीत खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर काका-काकूंच्या दोन खोल्या. जिन्यात सरसाचा वास. काका स्टुलावर बसले होते, समोर एक जुना कॉम्प्युटर, जो सुरू होताना खालच्या दुकानातल्या लोकांनाही कळत असे.

"विषय नका सांगू, गाईडचं नाव सांगा," काका म्हणाले. मी सांगितलं. "बरं. आणि शोधून राहिले कुठे?"

"समाजशास्त्रात."

"हो गया! अरे भिया, हाट काय फक्त समाजशास्त्रात भरतो? हाटात भाजी येते, म्हणजे शेतकी कॉलेज. कोंबडी येते, म्हणजे व्हेटर्नरी. बांगड्या येतात, म्हणजे होमसायन्स. रस्त्यानं येतात, म्हणजे भूगोल. तुम्ही आपल्याच घरात बॅटरी मारून राहिले आणि म्हणताय चोर नाही."

अर्ध्या तासात त्यांनी मला भूगोलातले दोन आणि गृहविज्ञानातला एक असे तीन प्रबंध काढून दिले. माझं 'आधी कुणीच नाही' हे सुख तिथेच संपलं. त्यातल्या एका बाईंनी तर माझा निम्मा विषय वीस वर्षांपूर्वी उरकला होता. माझा चेहरा पाहून काकू आतून पोह्याची बशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "खा. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी असाच दिसतो."

मग मी जातच राहिलो. काकांचे नियम ठरलेले होते. विषय टाकून शोधायचं नाही, कारण शीर्षक टाइप करणारा घाईत असतो. गाईडच्या नावानं शोधायचं, कारण गाईड वीस वर्षं एकच विषय गावं बदलून वाटत असतो. एक प्रबंध सापडला की मागची संदर्भसूची धरून दुसऱ्याकडे जायचं. आणि सापडला की तिसरं प्रकरण. या कामाचं ते कुणाकडून काही घेत नसत. फक्त आपला प्रबंध पुरा झाला की आभारात टायपिस्टचं नाव घालायचं, एवढी अट. "गाईड सही करतो, टायपिस्ट वाचतो," ते म्हणत.

माझ्या मराठीची ते खूप टिंगल करत. मी 'संगणक' म्हटलं की काकूंना हाक मारत, "अहो, या, पुस्तक बोलून राहिलं." स्वतः काका महूचे, म्हणजे इंदूरजवळच्या लष्करी छावणीच्या गावचे. आजोबा फौजेत होते, तेव्हापासून घर महूला. वडील शिकले, मग काका शिकले आणि इंदूरला नोकरीला लागले. महूला अजून धाकटा भाऊ होता. दर रविवारी काका भावाकडे जात. एकदा मीही बरोबर गेलो. बसमधून उतरल्यावर समोरचा सरळ रस्ता सोडून ते एका बोळात शिरले, गटारावरून उडी मारली, कुणाच्या तरी परसातून गेले आणि आम्ही भावाच्या घराच्या मागच्या दारातून आत शिरलो.

"समोरचा रस्ता बंद आहे का?" मी विचारलं.

"नाही. हा शॉर्टकट आहे," काका म्हणाले. तो चांगला दहा मिनिटांनी लांब होता. काकांच्या तऱ्हेवाईकपणात मी आणखी एकाची भर घातली आणि विसरलो.

खरी गोष्ट कळली ती काकूंकडून. एकदा काका खाली बांधणीवाल्याकडे गेले होते आणि मी खण उघडून कार्डं वाचत हसत होतो. खणामागून खण निघत होते. हजारो कार्डं असावीत. मी म्हणालो, "काकू, यांना एवढं सगळं वाचायचा शौक कधीपासून?"

"शौक कसला," काकू म्हणाल्या. "हरवलेलं शोधून राहिलेत."

आणि मग कांदा चिरता चिरता त्यांनी मला सगळं सांगितलं.

महूला एक बाई आहेत. शाळेत शिकवत, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. काकांच्या भावाच्याच गल्लीत, पुढच्या तोंडाला त्यांचं घर. त्यांनी फार पूर्वी, नोकरी आणि घर सांभाळून पीएच.डी. केली होती. विषय त्यांच्या वस्तीचाच. नवरे फौजेत लांब आणि बायका महूला, अशा वेळी त्या बायकांनी कुणाकडून तरी लिहवून घेऊन पाठवलेली पत्रं. बाई घरोघर फिरल्या, ट्रंका उघडायला लावल्या, पत्रं जागेवर बसून उतरवून घेतली आणि परत केली. ती सगळी पत्रं प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होती. त्यात काकांच्या आजीचंही एक होतं. बाई संदर्भासाठी विद्यापीठात येत तेव्हा काका त्यांना पुस्तकं काढून देत, म्हणून बाईंनी आभारात काकांचं नाव घातलं होतं. एखाद्या प्रबंधात नाव छापून यायची काकांची ती पहिली आणि तोवरची शेवटची वेळ.

काकांच्या निवृत्तीच्या आधी ग्रंथालयातले सगळे जुने प्रबंध स्कॅन करून इंटरनेटवर चढवायचं ठरलं. काम एका ठेकेदाराला दिलं. स्कॅन झालेले प्रबंध रद्दीत काढायचे होते, पण त्याआधी प्रत्येक यादीवर 'तपासले, पूर्ण आहे' असं लिहून काकांची सही लागे. घाई होती. काका पहिलं पान उघडून शीर्षक पाहत, यादीतल्या नावाशी ताडत आणि सही करत. त्याच सुमारास बाई आल्या होत्या. घरच्या पेटीतल्या त्यांच्या प्रतीला वाळवी लागून भुगा झाला होता. ग्रंथालयातल्या प्रतीची झेरॉक्स हवी होती. काका म्हणाले, "आता झेरॉक्स कशाला, बाई? सगळं कॉम्प्युटरवर येऊन राहिलं. जगभर दिसेल."

"मग हे रिटायर झाले, हा डबा घेतला," काकूंनी कॉम्प्युटरकडे सुरी दाखवली. "मला बोलावलं. म्हणे, ये, माझं छापलेलं नाव दाखवतो आणि आजीचं पत्र दाखवतो. नाव दाखवलं. खरंच होतं. मग तिसरं प्रकरण उघडलं, तर आत सोयाबीनवरच्या किडी. सगळी पानं किड्यांची. हे खुर्चीत तसेच बसून राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत."

ठेकेदाराकडे पाच-सहा विद्यापीठांचं काम एकाच वेळी चालू होतं. बांधणी कापून सुटे गठ्ठे टेबलांवर लावत आणि यंत्रात घालत. कुठला गठ्ठा कुठल्या शीर्षकाखाली गेला ते देवालाच माहीत. काका शोधत गेले तोवर ठेकेदाराचं दुकान उठलं होतं आणि रद्दीचा लगदा झाला होता. म्हणजे बाईंचा प्रबंध असेल तर देशातल्या कुठल्या तरी विद्यापीठाच्या, कुठल्या तरी विषयाच्या, कुठल्या तरी भलत्याच नावाखाली असेल. आणि स्कॅन म्हणजे शेवटी फोटो. त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. एक-एक उघडूनच पाहावं लागतं.

"बारा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "एक-एक उघडून राहिलेत."

"आणि बाईंना माहीत आहे?"

"नाही ना! सापडल्यावर सांगतो म्हणतात. तोवर बाईंच्या घरासमोरून जात नाहीत."

मला तो गटारावरचा शॉर्टकट आठवला. हातातली कार्डं मी खणात ठेवून दिली. मी त्यांच्यावर हसत होतो याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मीही कुठलाही प्रबंध तिसऱ्या प्रकरणापासून उघडू लागलो.

सापडला तो मला, यात माझं कर्तृत्व काही नाही. हाटाच्या मागे लागून मी व्हेटर्नरीत शिरलो होतो. दूरच्या एका विद्यापीठातला प्रबंध होता, 'हाटांत विक्रीस येणाऱ्या शेळ्यांचे आजार'. कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी बसून मी तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडली. पहिलीच ओळ होती, 'शेळी व्याली. दोन्ही करडं माद्या आहेत.' म्हटलं, बरोबर आहे. शेळ्यांचाच प्रबंध आहे. पुढची ओळ, 'एकीचं नाव तुमच्या पलटणीवरून ठेवलं आहे. दुसरीचं तुम्ही कळवा.' तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी मनात म्हणालो, काय जिव्हाळ्यानं लिहिलंय या डॉक्टरनं. तिसऱ्या ओळीला मी थांबलो, कारण दूरच्या त्या हिंदी मुलखातला जनावरांचा डॉक्टर मराठीत कशाला लिहील? मी पानं पुढे सरकवली. पत्रांमागून पत्रं. प्रत्येकाच्या वर महू.

मी रिक्षा करून मल्हारगंजला गेलो. काकांना काही सांगितलं नाही. त्यांना स्टुलावरून उठवलं, स्वतः बसलो, फाइल उघडली आणि बाजूला झालो. ते वाकले, चष्मा कपाळावर ढकलला, वाचायला लागले. 'हं' म्हणाले नाहीत. एक पान, दुसरं पान, तिसरं. मग एका पानावर थांबले आणि काकूंना हाक मारली. काकू हात पुसत आल्या. काकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

'मुलगा शाळेत जातो. मास्तर म्हणतात हुशार आहे, पुढे शिकवा. तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. नाही लिहिलंत तर मी हो समजेन.'

"आजी," काका म्हणाले. "आणि तो मुलगा म्हणजे आमचे वडील."

"मग आजोबांनी काय लिहिलं?" मी विचारलं.

"काही नाही लिहिलं," काका म्हणाले आणि रडायला लागले. काकूंनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. मी उगीच खिडकीतून खाली बांधणीवाल्याकडे पाहत उभा राहिलो.

मला वाटलं, आता काका दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं महूला जातील. पण तसं झालं नाही. दोन दिवसांनी गेलो तर ते म्हणाले, "मी विचार केला. आता सापडलं ना? मग दुरुस्तीचं पत्र टाकून देऊ. बाईंच्या नावाखाली बाईंची पानं येऊन जातील. गुपचुप. त्यांना आता कशाला त्रास?"

"त्रास त्यांना की तुम्हाला?" काकू आतून म्हणाल्या.

"वय झालं त्यांचं. ऐकून काय वाटेल?"

काकू बाहेर आल्या. "बारा वर्षं मी तुमच्याबरोबर मागच्या बोळातून येऊन राहिले. दोनदा गटारात पाय गेला. या रविवारी मी पुढून जाणार. तुम्ही नाही आलात तर मी एकटी सांगेन, आणि माझ्या पद्धतीनं सांगेन."

काकूंच्या पद्धतीचा काकांना अनुभव असावा. ते तयार झाले. सगळी पानं छापून घेतली, पुढे बाईंचं शीर्षक आणि आभाराचं पान लावलं आणि खालच्या बांधणीवाल्यानं मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरं घालून, पूर्वी बांधत तशी प्रत बांधून दिली. काकांनी तिची पानं दोनदा मोजली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

रविवारी आम्ही तिघं महूला उतरलो आणि सरळ रस्त्यानं चालू लागलो. काकांनी नवा शर्ट घातला होता आणि ते परीक्षेला निघाल्यासारखे ओठ हलवत चालले होते. बाई दारातच खाटेवर बसून मटार सोलत होत्या, तिकडे त्याला बटला म्हणतात. उंच, सडपातळ, केस पूर्ण पांढरे. काकांना पाहून त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली.

"जय भीम, भाऊ. आज पुढून आले?"

काकांच्या पाठ केलेल्या भाषणाचा तिथेच बोजवारा उडाला. त्यांनी पिशवीतून प्रत काढून बाईंच्या मांडीवर ठेवली आणि खिशातून एक सूचीकार्ड काढलं. सगळं त्यावर लिहून आणलं होतं. उभ्या उभ्या ते वाचू लागले. "बाई, बारा वर्षांपूर्वी मी एका यादीवर सही केली. तपासले, पूर्ण आहे, असं लिहिलं. मी तपासलं नव्हतं. फक्त पहिलं पान पाहिलं होतं. तुमची थीसिस त्यात गेली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. माफी मागतो."

कार्ड संपलं तरी ते त्याच्याकडेच पाहत राहिले.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "त्याच वर्षी भाचीनं मोबाइलवर काढून दाखवलं होतं. वर माझं नाव, मग तुमचे आभार, आणि खाली सोयाबीनचे किडे. मी ते सगळे वाचले. आता बसा तरी."

काका बसले नाहीत. "तुम्ही विचारलं नाही कधी?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. दर रविवारी मागच्या बोळातून जाताना दिसायचे ना तुम्ही. न्हाणीच्या खिडकीतून सगळं दिसतं. मी मनात म्हणायचे, आज येतील. पुढच्या रविवारी येतील."

"राग आला असेल."

"आला होता ना. दोन-तीन वर्षं पुष्कळ होता. मग गेला, मग नुसतं वाईट वाटायचं." त्यांनी मांडीवरची प्रत उघडली, तिसरं प्रकरण काढलं आणि पानावरून हात फिरवला. "कसं शोधलंत?"

"एक-एक उघडून," काकू म्हणाल्या. "सगळे विषय. बेडूक, बँका, सतार, सगळं."

बाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतल्या बाईंचा होता. "आणि एकट्यानं? अहो भाऊ, मी रिटायर होते. घरात एकटी बसून होते. मला काय काम होतं? सांगितलं असतं तर दोघांनी शोधलं असतं. तुम्ही सायन्स घेतलं असतं, मी आर्ट्स घेतलं असतं."

काका तेव्हा खाली बसले. खाटेवर नाही, पायरीवर. मी आजवर खूप लोकांना बोलणी खाताना पाहिलं आहे, पण त्या एका वाक्यानं काकांना जे झालं ते कुठल्या रागावण्यानं होत नाही. काकूंनी सुपातला बटला पुढे ओढला आणि सोलायला घेतला. थोड्या वेळानं बाईंनीही घेतला. मग आम्ही सगळेच सोलत बसलो. दुपारी त्याचीच कचोरी खाऊन निघालो.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. इंदुरात शिरून नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्या आल्या तेव्हा एकदम म्हणाले, "त्या शेळीवाल्याचं काय?"

"कुठला शेळीवाला?"

"ज्याच्या थीसिसमधे बाईंची पत्रं गेली. त्याच्या शेळ्या कुठे गेल्या?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "शोधू. उद्यापासून पुन्हा तिसरी प्रकरणं."

"नाही. आधी सांगायचं," काका म्हणाले. "शोधायचं नंतर."

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरचा नंबर मिळवला. ते कुठल्याशा जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात होते. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, घसा साफ केला. "डॉक्टर साब, इंदौर से बोल रहा हूँ. आपकी थीसिस में आपकी बकरियाँ नहीं हैं."

पलीकडे म्हैस रेकल्याचा आवाज. मग डॉक्टर म्हणाले, "आपने मेरी थीसिस खोली?"

"जी, खोली."

"किसी ने आज तक नहीं खोली, साहब," डॉक्टर म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की शेळ्या हरवल्याचं त्यांच्या लक्षातच येईना. काकांनी पुन्हा समजावलं. "अरे, उसमें क्या है," ते म्हणाले, "एक कॉपी मेरी अलमारी में पड़ी है. भेज देता हूँ."

आठव्या दिवशी कुरियर आलं. काकांनी पाकीट फोडलं आणि सही करायच्या आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत चाळली. कुरियरवाला जिन्यात पाय बदलत उभा होता, "अंकल, जल्दी करो ना," म्हणत होता, पण काका हलले नाहीत. सगळी पानं झाल्यावर त्यांनी सही केली. मग स्टुलावर बसून, बारा वर्षांच्या खणांकडे पाहत ते म्हणाले, "आठ दिवस." एवढंच.

पुढे दुरुस्तीची पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत, पुन्हा गेली, आणि कधीतरी बाईंच्या नावाखाली बाईंची पानं आली, डॉक्टरच्या नावाखाली शेळ्या आल्या. काकांनी मात्र शोधणं थांबवलं नाही. त्या ठेकेदाराचे अजून किती गठ्ठे कुठे असतील, म्हणत. फक्त आता दर रविवारी खण घेऊन महूला जात, पुढच्या रस्त्यानं. बाईंच्या घरी दुसरा कॉम्प्युटर आला. ते सायन्स बघत, बाई आर्ट्स बघत, काकू दोघांना चहा देत आणि टोमणे मारत. कॉमर्स कुणी घ्यायचं यावरून भांडणं होत. शेवटी ते माझ्या गळ्यात पडलं. माझा प्रबंध पुरा झाला, त्यात टायपिस्टचं नाव घातलं, आणि काकांचंही, दुसऱ्यांदा.

काका जाऊन आता दोन वर्षं होतील. कार्डांचे खण काकूंनी मला दिले. महिन्यातून एकदा मी माझाच प्रबंध उघडून तिसऱ्या प्रकरणात माझ्याच बायका बसल्यात ना ते बघतो, आणि एखादा कॉमर्सचाही उघडतो. खणांमधली पहिली हजारो कार्डं एकाच अक्षरात आहेत. शेवटच्या खणात दोन अक्षरं आहेत, एक काकांचं, एक बाईंचं, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं गोल. ती दोन अक्षरं जिथून सुरू होतात त्याच्या आधीचं एक कार्ड मी वेगळं काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. काकांच्या अक्षरात आहे.

'शेळ्यांचे आजार. पानं मोजली, पूर्ण आहे. आधी सांगितलं.'